नवऱ्याचं कर्ज आणि बायकोची सही



‘नवऱ्याचं ऋण बायकोनं फेडलंच पाहिजे, नाही तर त्याच्या जिवाला सद्गती नाही.’ हे वाक्य आपल्या समाजात मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. बोलणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांतल्या एखाद्याचे तरी पैसे त्या घरात अडकलेले असतात. म्हणून आज सरळच लिहिते. हे वाक्य कायद्यात बसत नाही आणि आपल्या धर्मात तर मुळीच बसत नाही.

आधी धर्माचं बघू, कारण धाक त्याचाच घातला जातो. बारा भावना आपण लहानपणापासून म्हणतो. एकत्व भावना काय सांगते? जीव एकटा येतो, एकटा जातो, आपलं कर्म एकटाच भोगतो. अन्यत्व भावना सांगते की हे शरीरसुद्धा माझं नाही, मग नातेवाइकांचं काय घेऊन बसलात. ज्या धर्मात बायको नवऱ्याचं कर्म वाटून घेऊ शकत नाही, त्या धर्मात तिनं हप्ते भरले म्हणून नवऱ्याची गती सुधारेल, हे आलं कुठून? बापाचं ऋण फेडून त्याला नरकातून सोडवायचं ही कल्पना हिंदू धर्मशास्त्रातली आहे, आणि तिथंही ती जबाबदारी मुलगा, नातू, पणतू यांची होती. बायकोची नव्हतीच. याज्ञवल्क्य स्मृतीत तर बाईनं फेडायची ऋणं तीनच सांगितली आहेत: तिनं स्वतः कबूल केलेलं, नवऱ्यासोबत मिळून काढलेलं आणि स्वतः काढलेलं. इतक्या जुन्या ग्रंथाला जे समजलं ते आपल्या पंचमंडळींना समजत नाही. मुलांवरचं ते ‘पवित्र कर्तव्य’ही ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या कर्जांपुरतं वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं काढून टाकलं आहे.

आता कायदा. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलं, मुली आणि त्याची आई असेल तर ती, यांना सारखा वाटा मिळतो. कर्जाचं सूत्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० आणि ५२ मध्ये आहे: मेलेल्याची जेवढी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. समजा दुकान, माल, बँकेतली शिल्लक मिळून १२ लाख मागे राहिले आणि देणं २० लाखांचं आहे. सावकाराला १२ लाख मिळतील. उरलेले ८ लाख त्याचे बुडाले, आणि ते कायदेशीर बुडाले. त्यासाठी तुमच्या माहेरच्या पाटल्या, तुमच्या नावावरची ठेव, तुमचं स्त्रीधन याला कोणी हात लावू शकत नाही. मी बी.कॉम. आहे म्हणून माझ्या भाषेत सांगते: नवऱ्याचा ताळेबंद वेगळा आणि तुमचा वेगळा. तो गेला म्हणून दोन्ही वह्या एकत्र शिवल्या जात नाहीत.

इथं काही जणी माझ्यावर चिडतील, पण मी उलट बाजूही सांगणार आहे. जे मागे राहिलं त्यातून देणं आधी द्यायचं. घर, शेत, दुकान स्वतःकडे ठेवायचं आणि देणेकऱ्यांना हात हलवत परत पाठवायचं, हे अचौर्यव्रतात बसत नाही. नवऱ्यानं विकत घेऊन तिजोरीत ठेवलेलं सोनं तो गेल्यावर रातोरात ‘स्त्रीधन’ झालेलं मीही पाहिलं आहे. त्याला माझा पाठिंबा नाही. घर गहाण ठेवून कर्ज काढलं असेल तर बोजा घरावर राहतोच, बँक ते विकू शकते. माझं भांडण एवढ्यासाठीच आहे की नवऱ्याच्या वहीतलं देणं त्याच्या वहीतूनच फिटावं.

मग बाया अडकतात कुठं? सहीत. उठावणं होतं न होतं तोच कोणीतरी जवळचाच माणूस कागद घेऊन येतो. ‘वहिनी, फक्त हिशेबाला सही हवी, पैसे काय आम्ही आज मागतोय का!’ त्या कागदावर बहुतेक वेळा प्रॉमिसरी नोट असते. तिच्यावर सही झाली की जे देणं तुमचं नव्हतं ते तुमचं झालं. आता मालमत्तेपुरती मर्यादा उरली नाही, पाटल्यांपर्यंत हात पोचला. दुसरंही एक आहे. अशा उसनवारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली की तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. मुदत संपून गेल्यावरही लेखी वचन दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५ नं मेलेलं कर्ज उठून बसतं. म्हणून रडून डोळे सुजलेले असताना सही मागणारा माणूस बावळट नसतो बरं. त्याला तारीख पाठ असते. त्याला सांगा, दावा लावायचा तर लाव, कोर्टात वारस म्हणून येते, पण सही नाही.

आणि तो कागद मागची तारीख टाकून केलेला असेल तर? सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, खोटा दस्त करणे. अचौर्याच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे, राज्याचा नियम मोडून धंदा करणे. दशलक्षणात प्रवचनाला पुढच्या रांगेत बसणाऱ्या आणि परवाना नसताना शेकड्याला पाच रुपये महिना लावणाऱ्या भाऊंनी हे दोन शब्द कधीतरी ऐकलेच असतील. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

आपण यवतमाळ जिल्ह्यात राहतो. हा प्रश्न इथं आपल्या दुकानांपुरता नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. त्याआधी २००८ मध्ये मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या कलावती बांदूरकर यांचं नाव लोकसभेत घेतलं गेलं. आपण टाळ्या वाजवल्या, टीव्ही पाहिला. पण गावोगावच्या त्या बायांच्या दारात नंतर कर्ज मागायला कोण उभं राहतं, हे बोलायला आपल्याला जड जातं, कारण उभं राहणाऱ्यांत आपलेही असतात. २०१८ साली महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायांची पाहणी केली. सुमारे ४० टक्के बायांच्या नावावर जमीन झालेलीच नव्हती. म्हणजे सातबारा सासऱ्या-दिराकडे आणि तगादा हिच्याकडे! कायदा म्हणतो मालमत्ता आली तरच कर्ज, आणि आपला रिवाज तिच्या पदरात मालमत्तेविना कर्ज टाकतो. सरकारी एक लाखाची मदत मिळायला आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते, आणि त्यासाठी कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. बिनपरवाना सावकाराचं कर्ज मदतीच्या हिशेबात धरत नाहीत, पण वसुलीच्या वेळी तेच सगळ्यात आधी.

‘पण बाजारातली पत? मुलींची लग्नं?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जाईल. पत राखायची असेल तर मुलानं धंदा पुढं चालवावा आणि आपल्या कमाईतून द्यावं, स्वखुशीनं. त्याला मी दोन हात जोडीन. मात्र पत ही नवऱ्यांनी कमवायची आणि विधवांनी भरायची, अशी वाटणी मला मान्य नाही. बाप जिवंत असताना ज्यांनी त्याला बेहिशेबी उधार दिलं, धोका त्यांनी घेतला होता. व्याजही त्यांनीच घेतलं.

आता व्यापारी घरातल्या बायांसाठी खास, कारण आपली खरी अडचण सावकारापेक्षा आपल्याच घरातल्या फायलीत असते. आयकराच्या सोयीसाठी किती जणींना फर्ममध्ये ‘पार्टनर’ करून ठेवलं आहे? भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदार फर्मच्या देण्याला स्वतः पूर्ण जबाबदार असतो. तिथं वरचं सगळं गणित कोसळतं, कारण तुम्ही तिथं वारस नसता, देणेकरी असता. कर्जाला सहअर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तरीही तेच. जीएसटीतही भेद आहे: नवऱ्यामागं दुकान बंद केलं तर थकलेला कर त्याच्या मालमत्तेपुरता, चालू ठेवलं तर चालवणाऱ्यावर. आणि विमा काढताना नवऱ्याला सांगा की पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे घ्यावी. त्यासाठी पॉलिसी घेतानाच वेगळा फॉर्म भरावा लागतो. मग ती रक्कम देणेकऱ्यांच्या हाती लागत नाही, फक्त त्यांना बुडवायच्या हेतूनं ती घेतलेली नसावी.

दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी कुंकू लावून आपण वही परत देऊन टाकतो. यंदा देण्याआधी ती उघडा, भागीदारीचा करारनामा मागा, कुठं कुठं सही आहे ते बघा. ‘तुला काय कळतं त्यातलं’ असं उत्तर आलं, तर चहा जरा उशिरा ठेवा.