जुना ट्रॅक्टर आणि कच्चे जोड

ट्रॅक्टर जुना झाला की त्याच्या इंजिनाचा, टायरांचा व डिझेलच्या खर्चाचा हिशेब शेतकरी बारकाईने करतो. परंतु बॅटरीपासून दिव्यांपर्यंत गेलेल्या तारा जेथे एकमेकींस मिळतात, त्या बोटभर जोडांकडे त्याचे लक्ष जात नाही. वास्तविक जुना लहान ट्रॅक्टर ऐन वेळी रुसतो तेव्हा इंजिन शाबूत असून दोष या जोडांतच असल्याचे पुष्कळदा आढळून येते. तारेला तार पिळून व वर काळी पट्टी गुंडाळून काम भागविण्याची जी रीत खेडोपाडी रूढ झाली आहे, ती काटकसरीची नसून नुकसानीची आहे आणि प्रसंगी जीवावर बेतणारी आहे.

सन २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या गेलेल्या धाराशिव जिल्ह्यात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. येथील शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर आहे आणि पाऊस मात्र बेभरवशाचा आहे. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. त्यानंतर काळ्या जमिनीला येणारा वाफसा फार दिवस टिकत नाही. अशा सकाळी किल्ली फिरविली आणि सेल्फ नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबला, तर मिस्त्री येईपर्यंत वाफसा वाट पाहत नाही. शिवाय असा ट्रॅक्टर नेहमी एकट्याचा असतो असेही नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील बचत गटांना राज्य शासनाच्या योजनेतून ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळालेले आहेत. गटाचा ट्रॅक्टर एक दिवस थांबला म्हणजे अनेक घरांची पेरणी थांबते.

हे जोड बिघडतात कशाने? पाणी, धूळ व हादरे ही कारणे सर्वत्र आहेतच. परंतु तुळजापूर तालुक्यासारख्या द्राक्षबागांच्या भागात आणखी एक कारण आहे. बागेच्या ओळींतून फवारणी यंत्र ओढणाऱ्या लहान ट्रॅक्टरवर मोरचूद, गंधक व इतर औषधांचे तुषार सतत उडत असतात. ते कनेक्टरमध्ये, ज्याला मिस्त्री कपलर म्हणतात त्यात, शिरून पितळी पिना खातात. खताच्या रिकाम्या पोत्यांवर ट्रॅक्टर उभा केला, तर खतातील क्षारही तेच काम करतात. उरलेले काम उंदीर पुरे करतात. पिनेवर हिरवट चुरा दिसू लागला, म्हणजे तो जोड निकामी होऊ लागला असे समजावे.

खराब जोड वीज अडवितो आणि अडविलेली वीज उष्णतेत जाते. सेल्फ फिरताना तारेतून १०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह जातो. बॅटरीच्या जोडात ०.०२ ओहम एवढाच अडथळा निर्माण झाला, तरी १२ व्होल्टांपैकी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि २०० वॅट उष्णता त्या एका ठिकाणी निर्माण होते. शेतकरी मात्र बॅटरी गेली असे समजून हजारो रुपयांची नवी बॅटरी आणतो. नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत तशीच वागू लागते, कारण रोग बॅटरीत नव्हताच. मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर व दुसरी त्यावरील तारेच्या लगवर ठेवून सेल्फ मारावा. काटा किंवा आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर खर्च बॅटरीचा नाही, साफसफाईचा आहे.

दुरुस्तीची योग्य पद्धत अवघड नाही. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी व ती सर्वांत शेवटी जोडावी. बॅटरीच्या खुंटांवरील पांढरा-निळसर थर खाण्याचा सोडा कालविलेल्या पाण्याने व ब्रशाने काढावा. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कपलर उघडण्यापूर्वी कोणती तार कोठे आहे हे लिहून ठेवावे आणि एका वेळी एकच तार हाताळावी. आत काळी पडलेली तार तांबे लख्ख दिसेपर्यंत मागे कापावी. तेवढ्याच जाडीची तार व योग्य मापाची नवी पिन घेऊन ती क्रिंपिंग पक्कडीने दाबून बसवावी आणि हाताने ओढून पाहावी. वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. बॅटरीच्या खुंटांवर जोडणी घट्ट झाल्यानंतर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. केवळ डाख देऊन केलेला जोड हादऱ्याच्या जागी तितकासा भरवशाचा नसतो. कथिल तारेत चढून ती ताठ होते आणि ताठ भाग जेथे संपतो तेथे ती तुटते. शेवटी तार सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधावी.

दोन गोष्टी कदापि करू नयेत. पहिली, जळालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे. फ्यूज हा तारांचा राखणदार आहे. त्याला बाजूस सारले म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार पेटते, आणि ती सोयाबीनच्या गंजीजवळ किंवा वाळल्या पाचटात पेटली तर काय होईल हे सांगावयास नको. दुसरी गोष्ट याहून भयंकर आहे. अनेक ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ फिरत नाही, अशी योजना असते. तिचा जोड बिघडला की तो ‘डायरेक्ट’ केला जातो, अथवा चाकाजवळ उभे राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फ मारला जातो. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर तत्काळ पुढे सरतो आणि मागचे चाक त्या माणसाच्याच अंगावर येते. दोन तारा नीट जोडण्याचा आळस एवढा महाग असू नये.

वीज डोळ्यांना दिसत नाही, ते मिस्त्रीचे काम आहे, असे पुष्कळ शेतकरी म्हणतात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. अल्टरनेटर व सेल्फची मोटार उघडणे हे मिस्त्रीचेच काम आहे. परंतु जोड स्वच्छ व घट्ट ठेवणे हे कोळप्याची पास शेवटण्याइतकेच शेतकऱ्याचे स्वतःचे काम आहे. अडचण आहे ती साधनांची. चांगली क्रिंपिंग पक्कड एकट्याने विकत घेणे परवडत नाही, म्हणून तार पिळली जाते.

यावर उपाय गावातच आहे. पक्कड, मल्टिमीटर, निरनिराळ्या मापांच्या पिना, फ्यूज व नळ्या यांची एक पेटी बचत गटाने वा गावाने मिळून ठेवावी. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी मृगापूर्वी एक दिवस निश्चित करून गावातील जुने ट्रॅक्टर एकत्र आणवावेत आणि प्रत्येक जोड मालकाच्याच हातून तपासून घ्यावा. बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी पाहण्याची सवय जशी गावोगाव लावण्यात आली, तशीच ही सवयही लागली पाहिजे. पेरणी साधणे जसे बियाण्यावर अवलंबून आहे, तसे ते वेळेवर सुरू होणाऱ्या यंत्रावरही अवलंबून आहे.