गोठलेलें दार

गेल्या अंकांत पावसाळ्यांत फुगून बसणाऱ्या लांकडी दारांविषयीं मीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, "आमची कन्या मिनेसोटांत असते. येत्या हिवाळ्यांत तिच्या बाळंतपणासाठीं आम्ही उभयतां तिकडे जाणार आहों. तेथें थंडीनें मोटारीचीं दारें गोठतात व उघडत नाहींत, असें ती सांगते. हें खरें काय? आणि तसें झाल्यास काय करावें?" प्रश्न साधा आहे, परंतु तो वाचतांच माझ्या अंगावर शहारा आला, आणि तो केवळ थंडीच्या आठवणीचा नव्हता. या विषयांत माझ्या हातून एक प्रमाद घडलेला आहे. तो आजवर घराबाहेर कोणाला सांगितला नव्हता. आज सांगतों.

आम्ही काळेवाडीकर, पवनेच्या कांठीं राहणारे. आमची थंडी म्हणजे पहांटे पांघरूण कानापर्यंत ओढून घेण्यापुरती. पुण्याच्या वेधशाळेच्या दप्तरांतला नीचांक १.७ अंश सेल्सिअस, आणि तोहि १९३५ सालच्या जानेवारींतला. त्यामुळें हिम हा पदार्थ आम्हांस ठाऊक तो पुस्तकांतून. कुमारसंभवाच्या आरंभींचें हिमालयवर्णन मीं कितीतरी मुलांना समजावून दिलें. पर्वताच्या ठायीं रत्नांची एवढी समृद्धि असतां हिमासारखा एखादा दोष त्यांत लोपून जातो, हें कालिदासाचें म्हणणें सांगतांना मी रंगून जात असें. तें हिम हाताला कसें लागतें, याचा अनुभव मात्र साठी उलटेपर्यंत आला नव्हता.

सन २०१९ च्या जानेवारींत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे शिकागोच्या एका उपनगरांत होतों. त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर ध्रुवाकडील अतिशीत हवा त्या प्रदेशावर उतरली. ३० तारखेस शिकागोचें तपमान उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरलें. आपल्या मापानें तें सुमारें उणे ३१ सेल्सिअस होतें. अशा थंडींत वारा सुटला म्हणजे उघडी कातडी थोड्या मिनिटांतच हिमदंशानें बधिर होऊं लागते. शाळा बंद होत्या आणि लोक घरांत कोंडून बसले होते.

चिरंजीव कामानिमित्त परगांवीं अडकलेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चार वर्षांच्या नातवाला ताप भरला, कानांत ठणका सुरू झाला, आणि पोर कळवळून रडूं लागलें. सूनबाईंनीं डॉक्टरांस विचारलें. त्यांनीं ताबडतोब घेऊन येण्यास सांगितलें. बिऱ्हाड भाड्याचें, गाडी उघड्यावर. मुलाच्या अंगावर कपड्यांचे थर चढवण्यांत सूनबाई गुंतल्या होत्या. घरांतील कर्ता पुरुष या नात्यानें मी म्हटलें, "किल्ली द्या. मी पुढें होऊन गाडी उघडतों."

दार उघडेना. मीं मूठ धरून दोन्ही हातांनीं ओढलें, हिसके दिले. तें जणूं चौकटीशीं एकजीव झालें होतें. मग मला वाटलें कीं, बर्फावर उपाय ऊन पाणी. त्यांत विचार करण्यासारखें काय आहे? घरांत जाऊन चहासाठीं ठेवलेली किटली उचलली आणि कढत पाणी दाराच्या फटींत व मुठीवर ओतलें. वाफेचा मोठा लोट उठला. खिडकीच्या कांचेआडून सूनबाई हात हालवून कांहीं सांगत होत्या. मला वाटलें, म्हाताऱ्यानें थंडींत उभें राहूं नये म्हणून त्या बोलावीत आहेत. मीं दुसऱ्यांदा किटली रिकामी केली.

पाणी फटींतून खालीं झिरपलें, कुलपांत शिरलें आणि पाहतां पाहतां गोठलें. पूर्वीं बर्फ कागदाएवढ्या जाडीचा असेल. आतां मुठीभोंवतीं त्याचा कवचासारखा थर बसला. पायाखालींहि बर्फ झाला आणि मी घसरतां घसरतां वांचलों. ऊन पाणी कांचेवर ओघळलें असतें तर ती तडकली असती, हें मला मागाहून कळलें. तेवढ्यांत सूनबाई मुलाला घेऊन जिन्याच्या दारांत आल्या. त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत. मुलाचें तोंड त्यांनीं आपल्या छातीशीं दडपलें, आणि मी हातांत रिकामी किटली घेऊन उभा राहिलों.

शेजारचे एक वृद्ध पोलिश गृहस्थ खिडकींतून हें पाहत होते. ते बाहेर आले. त्यांनीं चालकाच्या दाराकडे एकदां पाहून मान हालवली व गाडीला वळसा घालून पलीकडच्या मागल्या दारापाशीं गेले. त्यांनीं तें ओढलें नाहीं. उलट कंबरेचा भार देऊन आंत दाबलें. वर, खालीं, मुठीजवळ असें चार ठिकाणीं दाबलें. बर्फ तडकल्याचा बारीक आवाज आला. मग त्यांनीं हलकेच मूठ खेंचली आणि दार उघडलें! सूनबाईंनीं मुलाला आमच्या सौभाग्यवतींच्या स्वाधीन करून घरांत पाठविलें, मागून पुढच्या आसनावर शिरून यंत्र सुरू केलें आणि ऊब देणारा पंखा चालविला. पंधरा-वीस मिनिटांनीं चालकाचें दारहि सुटलें. मुलाला औषध मिळालें आणि सायंकाळपर्यंत ताप उतरला. ईश्वराची कृपा!

रात्रीं मीं सूनबाईंजवळ दिलगिरी दर्शविली. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही धांवून गेलात याचं मला बरंच वाटलं. पण एकदा विचारायचं होतं. मागच्या हिवाळ्यात मीही असंच पाणी ओतून बसले होते. ओतू नका, हेच मी खिडकीतून सांगत होते." वाचकहो, त्या उत्तरानें मी जितका ओशाळलों, तितका त्या गोठलेल्या दारापुढेंहि ओशाळलों नव्हतों. ज्ञान घरांतच होतें, दहा पावलांवर होतें. परंतु तें आपल्या सुनेपाशीं असेल, ही कल्पनाच मला शिवली नाहीं.

आतां या प्रकारामागील कारण पाहूं. काळेवाडीस परतल्यावर तें मला आमच्या चाळींतील एका तरुणानें समजावून दिलें. तो चाकणच्या एका कारखान्यांत मोटारींच्या दारांना रबराच्या पट्ट्या बसविण्याचें काम करतो. दार व चौकट यांमध्यें ही पट्टी असते. तिच्यामुळें पाऊस, धूळ व वारा आंत येत नाहींत. गाडी चालून आंतून उबदार झाली कीं टपावरचें हिम वितळतें, त्याचें पाणी या पट्टीपर्यंत उतरतें आणि गाडी उभी राहिल्यावर गोठतें. तेव्हां रबर व पत्रा यांच्यामध्यें बर्फाचा पातळ पापुद्रा डिंकासारखें काम करतो. दार ओढलें म्हणजे सारा ताण मुठीवर व रबरावर येतो. मूठ मोडते किंवा पट्टी फाटते. दार आंत दाबलें म्हणजे रबर दबतें, परंतु बर्फाला दबणें ठाऊक नाहीं. म्हणून तो तडकतो. सारी युक्ति एवढ्यांत आहे.

तेव्हां त्या भगिनींनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दार आधीं दाबावें, मग हलकेच ओढावें. एक दार हटून बसलें तर बाकीचीं पाहावीं. वाऱ्याच्या आड असलेलें किंवा कोंवळें ऊन लागलेलें दार पुष्कळदां सुटतें. मागच्या सामानाच्या दारानेंहि आंत शिरतां येतें. कढत पाणी कदापि ओतूं नये. बर्फ वितळविण्याचा फवारा तिकडे दुकानांत मिळतो. तो न मिळाल्यास जखमा पुसण्याचें आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, कारण तें पाण्याहून पुष्कळच अधिक थंडींत गोठतें. मात्र हा फवारा घरांत ठेवावा. गाडींत ठेवला तर, बंद पेटीची किल्ली त्याच पेटींत ठेवल्यासारखें होईल!

खरा उपाय आदल्या दिवशींचा. थंडीची लाट येण्यापूर्वीं दारांच्या पट्ट्या फडक्यानें कोरड्या पुसाव्या आणि त्यांवर सिलिकोनचा पातळ हात द्यावा. म्हणजे पाणी त्यांना धरून राहत नाहीं. खनिज तेल किंवा साधें ग्रीस लावूं नये, त्यानें रबर बिघडतें. कडाक्याच्या थंडीपूर्वीं गाडी धुऊं नये. विद्युत्घट जुना असेल तर आधींच तपासून घ्यावा. उणे १८ अंशांवर त्याचें निम्म्याहून अधिक बळ जातें, आणि मग दार उघडूनहि यंत्र सुरू होत नाहीं. एक गोष्ट तर प्राणाशीं गांठ घालणारी आहे: बंद गॅरेजमध्यें यंत्र चालू ठेवून गाडी कधींहि गरम करूं नये, आणि धुराची नळी हिमानें बुजलेली नाहीं हें आधीं पाहावें. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. माणूस कळण्यापूर्वींच बेशुद्ध होतो.

आम्हांस याचें काय, असें इकडच्या वाचकांनीं म्हणूं नये. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं हिवाळ्याच्या कांहीं पहांटे दंव गोठून मोटारींच्या टपांवर पांढरा थर दिसतो. हवेचा पारा शून्याच्या वर असतांहि निरभ्र रात्रीं पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेहून अधिक थंड होतो. शिवाय आपलीं मुलें आतां लेह-लडाखकडे स्वतःच्या गाड्या घेऊन जातात. तेथील थंडींत साधें डिझेलहि घट्ट होतें. म्हणून उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें निराळें डिझेल २०१९ च्या नोव्हेंबरांत तिकडे आणावें लागलें.

भगिनींनीं कन्येकडे अवश्य जावें. पाणी, फवारा, रबर हें सारें कन्येला व जांवयांना माझ्याहून अधिक ठाऊक असेल. तेथें पोंचल्यावर पहिल्याच सायंकाळीं तिला जवळ बसवून विचारावें, "बाई ग, तुझ्या या घरांत कोणती गोष्ट कशी करायची, तें आम्हांला शिकव." आपण वडील माणसें सांगण्यास सरावलेलों, विचारण्याची आपली मूठ थोडी गोठलेली असते. तिलाहि हिसका देऊन चालत नाहीं. आधीं थोडें आंत दाबावें लागतें.