ऐन-किंजळाची कवळतोड आता आवरायला हवी

भात झोडून झाले, थंडी पडू लागली की सिंधुदुर्गात कवळतोड सुरू होते. मालकीच्या डोंगर-सड्यांवरच्या ऐन आणि किंजळ या झाडांवर कोयता चालतो. हिरव्या पाल्यासकट फांद्या उतरवून वाळवल्या जातात आणि उन्हाळ्यात तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या, जागेवर पसरून भाजावळ केली जाते. दरवर्षी, त्याच झाडावर, शेंड्यापर्यंत. झाड मरत नाही, पुन्हा फुटते, म्हणून यात त्याचे काही बिघडत नाही, अशी समजूत रूढ आहे. ती चुकीची आहे. झाडाला छाटणी सोसते, पण थंडीतली ही सरसकट छाटणी त्याला कायमचे दुबळे करते आणि त्यातून शेतालाही फारसे मिळत नाही.

याचे कारण हंगामात आहे. ऐन आणि किंजळ ही पानगळीची झाडे. पाने गळण्याआधी त्यांतले निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद झाड डहाळ्यांत आणि खोडात ओढून घेते. पुढची पालवी त्याच साठ्यावर फुटते. कवळतोड होते ती पाने हिरवी असताना. त्यामुळे परत यायचा साठा पानांसकट जातो आणि डहाळ्यांत साठलेलेही जाते. त्यानंतर जूनपर्यंत पाऊस नाही. खाली कातळ, वर ऊन आणि उरल्यासुरल्या साठ्यावर झाडाला नवे धुमारे काढावे लागतात. जाड फांद्यांच्या उघड्या जखमांतून कूज आणि वाळवी खोडात शिरते. शिवाय किंजळाची फळे याच दिवसांत तयार होत असतात आणि ऐनाला फळे धरायला वाढलेल्या फांद्या लागतात. दरवर्षी छाटलेल्या झाडाला बीच धरत नाही. मग सड्यावर जुने खुंट तेवढे दिसतात, नवे रोप क्वचितच. कोयता न लागलेल्या देवराईतले उंच, सरळ वाढलेले ऐन आणि सड्यावरचे खांबासारखे ऐन शेजारी ठेवून पाहिले की फरक आपोआप कळतो.

यावर आक्षेप येतो की युरोपातही झाडे हिवाळ्यातच छाटतात. खरे आहे, पण तिथे त्या वेळी पाने आधीच गळलेली असतात, पाठोपाठ ओलावा असलेला वसंत येतो आणि शेंडे छाटण्याच्या जुन्या पद्धतीत दोन छाटण्यांमध्ये काही वर्षांची विश्रांती असते. आपल्याकडे यातली एकही गोष्ट नाही. हापूसच्या जुन्या बागाही जोरदार छाटणीने पुन्हा धरत्या करता येतात, पण ती छाटणी एकदाच, जखमांना बोर्डो मलम लावून आणि पुढे खतपाणी देऊन होते. छाटणी वाईट नाही; विश्रांतीशिवायची छाटणी वाईट आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: राबाशिवाय, म्हणजे या भाजावळीशिवाय, गरीब शेतकऱ्याने तरवा कसा करायचा? हा प्रश्न जुना आहे. 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचे एक मोठे गाऱ्हाणे राबाचेच होते आणि ते रास्त होते. भाजावळीने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, पालाश मिळते. पण पाल्यातले नत्र मात्र जळताना बहुतांश हवेत जाते. झाडाने गमावलेली सर्वांत मोलाची गोष्ट भातापर्यंत पोचतच नाही. आज पर्याय हाताशी आहेत. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची असते आणि शेतात गिरिपुष्पाचा पाला गाडायचा असतो. राखेतून रोपाला सिलिका आणि पालाश मिळते. पाला न जाळता गाडल्याने त्यातले नत्र जमिनीतच राहते. गिरिपुष्प बांधावर लावता येते, फांदीवरून सहज रुजते आणि वारंवार छाटले तरी जोमाने फुटते. तण मात्र राख मारत नाही. त्यासाठी गादीवाफ्यावर खुरपणीची मजुरी पडते, हे मान्य करायला हवे. पण ती मजुरी रानात जाऊन कवळ तोडण्याच्या आणि वाहून आणण्याच्या कष्टापुढे जड नाही.

महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ऐन आणि किंजळ दोन्ही आहेत. विनापरवाना ती तोडता येत नाहीत. पण या जिल्ह्यातले बरेचसे रान खासगी आहे, तिथे झाडांचे भवितव्य प्रत्यक्षात मालकाच्याच हाती आहे. म्हणून विनंती शेतकऱ्यांनाच आहे. यंदा बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावा. ती वाढेपर्यंत कवळ लागलीच तर एका झाडाला तीन वर्षांतून एकदाच हात लावा, शेंडा राखा, जाड फांद्या सोडा. आणि प्रत्येक सड्यावर चार-पाच झाडे अजिबात न तोडता बियाण्यासाठी ठेवा.