काटा नाचतोय? मग वायर कापू नका!

गेल्या पावसाळ्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी लोणखेड्याला घरी आला होता. धडगावकडचा मुलगा, आता नर्मदेच्या जलाशयात बोट चालवतो. चहा पिता पिता सांगू लागला, "गुरुजी, बोटीच्या मशीनचा आरपीएमचा काटा सारखा नाचायचा. मिस्त्री म्हणाला, मीटर खराब आहे. नवीन बसवलं, तर तेही नाचायला लागलं. शेवटी मीटरची वायरच कापून टाकली. आता कटकट नाही."

कटकट नाही म्हणे! मला राहवेना. मी बी.ए. झालेला माणूस, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. मशीनमधलं मला काय कळतं? पण छत्तीस वर्षं पोरांच्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या आहेत. गुण खाली-वर व्हायला लागले की पेपर तपासणाऱ्याला दोष देणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत. हा त्यातलाच प्रकार.

आमच्या गोमाई नदीत वर्षातले बरेच महिने माणूस चालत पलीकडे जातो, त्यामुळे इकडच्यांना बोटीचं महत्त्व कळत नाही. सातपुडा ओलांडा म्हणजे कळेल. सरदार सरोवराच्या पाण्याने नंदुरबार जिल्ह्यातल्या ३३ गावांना झळ बसली. २०१९ साली धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. आज तिथल्या कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता आहे. रेशन बोटीने, पेशंट बोटीने, बाळंतीणसुद्धा बोटीने. अशा बोटीवरचा काटा ही शोभेची वस्तू नाही.

मग मी वाचत बसलो, जाणकारांना विचारलं. कळलं ते असं. आउटबोर्डच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक असतात आणि आत तारेची वेटोळी. चुंबक फिरले की वेटोळ्यांत वीज तयार होते. हे फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेलं तत्त्व. ही वीज रेक्टिफायरमधून बॅटरीकडे जाते, आणि साध्या काट्याचं मीटर तिचेच ठोके मोजून फेरे दाखवतं. म्हणजे काटा नुसता इंजिनाचा वेग सांगत नाही, चार्जिंगची नाडीही तोच दाखवतो. नाडी उडायला लागली तर आपण वैद्याचा हात बाजूला करतो का?

माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं होतं, "गुरुजी, आम्हाला मशीनचा आवाज कळतो. काटा कशाला?" हे मी मान्य करतो. त्याचा कान माझ्या शंभर पुस्तकांपेक्षा शहाणा आहे. पण बॅटरी चार्ज होत नसेल तर मशीनचा आवाज बदलेलच असं नाही. ते चालू आहे तोवर छान चालतं. बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही, तेव्हा कळतं.

आणि झालंही तसंच. दोन महिन्यांनी संध्याकाळच्या वेळी तापाने फणफणलेल्या एका बाईला घेऊन तो निघाला होता. वाटेत एका पाड्याला थांबला, मशीन बंद केलं. पुन्हा बटण दाबलं तर नुसती टिकटिक. हाताने ओढायची दोरी कुठे ठेवली ते आठवेना. अंधारात तासभर वल्ही मारली. बाई वाचली, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मी वहीत लिहून ठेवलेला क्रम त्याला वाचून दाखवला. तुम्हीही लिहून घ्या.

पहिल्यांदा बॅटरीची दोन्ही टोकं. सैल आहेत का, पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे का? पॉलिश पेपरने घासा, पान्याने घट्ट करा. दुसरं, मीटरचा अर्थ. मीटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक वेगळी वायर जोडून पाहा. काटा स्थिर झाला तर दोष जुन्या अर्थमध्ये. तिसरं, मीटरच्या पाठीमागचा पोलांचा खटका. १२ पोल म्हणजे एका फेऱ्याला ६ ठोके. तो चुकीच्या आकड्यावर असेल तर काटा नाचत नाही, ठरावीक पटीत चूक दाखवतो. आत मळ बसला असेल तर मात्र नाचतो. मशीन बंद करून दोन-चार वेळा फिरवा, परत जागेवर आणा. चौथं, ठोक्यांच्या वायरचे सगळे जोड. पाचवं, मल्टीमीटर. भरलेली बॅटरी मशीन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. मशीन वेगात चालू असताना आकडा साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढला पाहिजे. चढला नाही तर रेक्टिफायर किंवा वेटोळी पाहायची. मीटर बदलायचं ते सगळ्यात शेवटी! आणि चालू मशीनवर बॅटरीची वायर काढायची नाही, रेक्टिफायर जळतो.

त्याचा दोष पहिल्याच पायरीवर सापडला. बॅटरीचा निगेटिव्हचा नट सैल, खाली भुकटीचा थर. खर्च शून्य. नव्या मीटरचे पैसे मात्र पाण्यात गेले.

अजून एक सांगतो. पूर्ण थ्रॉटल देऊनही काटा नेहमीच्या आकड्यापर्यंत चढत नसेल, तर बोटीत ओझं जास्त झालं असेल किंवा पंख्यात काही अडकलं असेल. १५ जानेवारी २०१९ ला, ऐन संक्रांतीला, धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ बोट उलटली आणि माणसं गेली. जास्त माणसं बसल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. बोट उलटेल की नाही ते काटा सांगत नाही, मला तसं म्हणायचंही नाही. पण ओझ्याबद्दल कुरकुर करणारी जी एक वस्तू बोटीवर असते, तिचंच तोंड आपण बंद करायचं?

माझा राग त्या पोरावर नाही. "चालतंय ना, मग चालू द्या" म्हणणाऱ्या मिस्त्रीवर आहे, आणि ते ऐकून समाधान मानणाऱ्या आपल्या सगळ्यांवर आहे. अडचण दाखवणारं बंद केलं की अडचण संपली असं आपल्याला वाटतं.

असो. वायर पुन्हा जोडली आहे, काटा आता नीट चालतो. ओढायची दोरी त्याने सीटखाली खिळ्याला टांगून ठेवली आहे. पुढच्या वेळी आला की पहिलं तेच विचारणार आहे.