हा पक्षी कुठला?

गोंड शैलीतलं पक्ष्यांचं चित्र भिंतीवर लावलं की येणाराजाणारा हमखास विचारतो, ‘हा पक्षी कुठला?’ शेपूट मोराची म्हणावी तर चोच पोपटाची, आणि फांदी थेट पिसांतून फुटलेली. सलीम अलींचं पुस्तक इथे कामाचं नाही.

बाह्यरेषा सोडा, तिच्या आत काय भरलंय ते बघा. ठिपके, चंद्रकोरी, माशाचे खवले, साखळ्या. हे भरण म्हणजे चित्रकाराची सही. ज्याचं त्याचं भरण वेगळं, त्यामुळे जाणकार लांबूनच नाव सांगतो.

ही वाट पाडली जनगढ सिंह श्याम यांनी. ते मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे परधान गोंड. परधान म्हणजे बाना वाजवत गोंडांच्या कुळकथा आणि बडादेवाची गाणी गाणारे. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडेही ते आहेत. भोपाळच्या भारत भवनासाठी कलावंत शोधणाऱ्या जे. स्वामीनाथन यांच्या चमूला पाटनगढात जनगढ यांची भित्तिचित्रं दिसली आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. (स्वामीनाथन स्वतःही वर्षानुवर्षं पक्षी, झाड आणि डोंगर रंगवत होते, तेव्हा नजर पडली यात नवल नाही.) १९८९मध्ये जनगढ यांची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात लागली. २००१मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना त्यांनी तिथेच आयुष्य संपवलं.

या चित्रांत हरणाची शिंगं वाढत वाढत झाड होतात, झाडावर पक्षी बसतो, आणि पान कुठे संपलं, पीस कुठे सुरू झालं ते कळत नाही. रंगांची हौस एवढंच त्याचं कारण मला पटत नाही. गोंडांचा बडादेव साजाच्या झाडात राहतो. ज्या झाडात देव राहतो, त्याला पक्ष्यामागचा पडदा कसं करणार? म्हणून पक्ष्याच्या डोळ्याला जेवढी निगुती, तेवढीच शेंड्यावरच्या पानाला. मला तरी ही चित्रं अशीच वाचावीशी वाटतात.

आता हेच पक्षी उशांच्या अभ्र्यांवर नि मोबाइलच्या कव्हरांवर छापून येतात. ठिपके असतात, चित्रकाराचं नाव नसतं. मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांना २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने शैलीला कवच मिळतं, माणसाला नाव मिळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी प्रदर्शनात असं चित्र घ्याल, तर पक्षी कुठला हे विचारू नका. काढलं कुणी, ते विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर घेऊ नका.