अर्ध्या हळकुंडाने पिवळे

दिवाळीच्या अंकात वाचकाला गोष्ट हवी असते, विनोद हवा असतो, फार तर येत्या वर्षाचे राशिभविष्य हवे असते. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेल्या माणसापुढे विषाचा विषय काढणे हा शुद्ध अरसिकपणा होय. तो मी करणार आहे. कारण ज्या जिनसेविषयी मला बोलायचे आहे, ती याच चार दिवसांत घरोघर सर्वांत जास्त हाताळली जाते. अभ्यंगाच्या उटण्यात ती असते, चिवड्याच्या फोडणीत असते, पाडव्याच्या आणि भाऊबिजेच्या ओवाळणीच्या तबकात कुंकवाच्या शेजारी ती असते. ती म्हणजे हळद.

हळदीचा आम्हांला फार अभिमान. कापले तर हळद, खोकला झाला तर हळद-दूध, लग्नात हळद, ओटीत हळकुंड. एका अमेरिकन विद्यापीठाने जखम बरी करण्याच्या हळदीच्या गुणावर 1995 साली पेटंट मिळवले, तेव्हा आमच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत, त्याविरुद्ध झुंज दिली आणि 1997 साली ते पेटंट रद्द करवले. हे काम उत्तमच झाले. पण हळद आमची, हे वॉशिंग्टनला जाऊन सिद्ध करणारे आम्ही, ती हळद आमच्या पोटात जाताना हळदच असते की नाही, हे पाहायला मात्र गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही जात नाही. याला मराठीत फार चांगला शब्दप्रयोग आहे. तोच मी मथळ्याला घेतला आहे.

आता आरोप सरळ मांडतो. दक्षिण आशियातील काही बाजारांत हळकुंडांना लेड क्रोमेट नावाचा रंग चोळला जात असल्याचे पुरावे संशोधकांनी मांडले आहेत. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तरीही असेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्याच पायऱ्यांवर हा पदार्थ भेटतो. शिशाच्या क्षाराच्या पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे पाणी ओतले की नळीच्या तळाशी पिवळाधमक अवक्षेप बसतो. तेच लेड क्रोमेट. यातले क्रोमियम हे मूलद्रव्य व्होकेलँ नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने 1797 साली सैबेरियातल्या ज्या तांबड्या खनिजातून शोधून काढले, ते खनिजही मुळात लेड क्रोमेटच. पुढे त्याचा रंग झाला. चित्रकारांनी, गाड्या रंगवणाऱ्यांनी तो भरपूर वापरला. भिंतीला आणि लोखंडाला लावायचा हा रंग. तो आमटीत आला कसा?

हे शोधून काढण्याचे श्रेय बांगलादेशातील आणि अमेरिकेतील संशोधकांकडे जाते. बांगलादेशाच्या खेड्यांतील 430 गर्भवती स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा 31 टक्के स्त्रियांच्या रक्तात शिसे प्रमाणाबाहेर निघाले. आसपास कारखाने नाहीत, रस्त्यावर मोटारींची गर्दी नाही, मग हे शिसे येते कोठून? शिशाची चार स्थिर समस्थानिके असतात आणि खाणीखाणीप्रमाणे त्यांचे परस्परप्रमाण बदलते. शिशाचा हा कुळाचार त्याला सोडत नाही. रक्तातल्या शिशाचा कुळाचार घरातल्या एकेका वस्तूशी ताडून पाहिला, तेव्हा तो जुळला हळदीशी. 2019 साली हे प्रसिद्ध झाले. चौकशीत असे कळले की, 1980 च्या दशकातील एका महापुरात हळद भिजून काळवंडली आणि तिला रूप आणण्यासाठी हा रंग चोळण्याची युक्ती निघाली. पूर ओसरला, युक्ती राहिली. हलक्या मालाला उत्तम मालाची किंमत येते म्हटल्यावर ती कोण सोडतो?

हे बांगलादेशचे झाले, आमचे काय, असे कोणी विचारील. 2020 च्या डिसेंबरपासून 2021 च्या मार्चपर्यंत भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळ येथल्या 23 शहरांतून हळदीचे 356 नमुने घेण्यात आले. त्याचा निष्कर्ष 2024 साली छापून आला. 14 टक्के नमुन्यांत दर ग्रॅममागे 2 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे होते. आणि पाटणा, कराची व पेशावर येथे तर हा आकडा 1000 च्या वर गेला. जास्त शिसे असलेल्या नमुन्यांत शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा जवळजवळ एकच अणू होता. लेड क्रोमेटमध्ये नेमके हेच प्रमाण असते. शिसे जमिनीतून चुकून आले, वाऱ्याने उडून आले, ही पळवाट त्यामुळे बुजते. जमीन आणि वारा अशी तोलून मापून जोडी जमवत नाहीत. ती माणसाच्या हाताने जमते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सांगलीच्या पेठेवर, हरिपूरच्या पेवांवर किंवा हिंगोलीच्या शेतकऱ्यावर मी बोट रोखलेले नाही. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो. रंग चढतो तो पुढे, हळकुंडे घासून पॉलिश करण्याच्या वेळी. प्रामाणिक पेठेला तर या तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोणी रंगवलेल्या हलक्या मालाने तिच्या शेजारी बसून तिच्याच भावाने विकले जावे, यात नुकसान सांगलीचे आहे.

शिसे शरीरात गेल्यावर काय करते? ते कॅल्शियमचे सोंग घेते. शरीर त्याला आपले समजून हाडांत जागा देते आणि तेथे ते वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. बाई गरोदर राहिली की हाडांतल्या कॅल्शियमबरोबर तेही निघते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते. मोठ्या माणसाच्या आतड्यात जेवढे शिसे शोषले जाते त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या आतड्यात शोषले जाते. ज्या मुलाला पुरेसे लोह आणि कॅल्शियम मिळत नाही, त्याच्या अंगात आणखी जास्त. म्हणजे ज्याच्या ताटात दूध कमी, त्याच्या अंगात विष अधिक! सुरक्षित म्हणता येईल असे शिशाचे कोणतेही प्रमाण अद्याप सापडलेले नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत विषप्रयोग झाला की पात्र फेस आणून पडते, डॉक्टर धावतो, प्रकरण संपते. हे विष तसे नाटकी नाही. ते कोणाला पाडत नाही. ते फक्त मुलाला थोडे कमी करते. जे झाले असते त्याहून थोडे कमी. आणि हे 'थोडे कमी' पहिल्यांदा दिसते ते शाळामास्तराला. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टराने पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतले शिसे मोजले. दुसरीकडे त्याच मुलांविषयी त्यांच्या शिक्षकांची मते घेतली. मूल चंचल आहे का? हातचे काम अर्धवट सोडते का? सांगितलेले साधे काम त्याला नीट उमगते का? वर्गात स्वप्ने पाहत बसते का? दातांत जितके शिसे जास्त, तितकी अशी मुले जास्त, असे त्याला आढळले. शिक्षकांना दातांचे आकडे ठाऊक नव्हते. हे संशोधन 1979 साली प्रसिद्ध झाले.

वाचकहो, ही प्रश्नावली पुन्हा एकदा वाचा. आमच्या शिक्षकांच्या खोलीत या सगळ्या प्रश्नांना मिळून एकच अक्षर आहे: 'ढ'. ते अक्षर मुलाच्या पाठीवर चिकटवले की मास्तर मोकळा, संस्था मोकळी, सरकार मोकळे. प्रत्येक मागे पडणारे मूल शिशानेच मागे पडते, असे मी म्हणत नाही; भूक, दारिद्र्य, घरची भांडणे, वाईट मास्तर, अशी कारणे पुष्कळ आहेत. पण युनिसेफने 2020 साली दिलेल्या अहवालातील अंदाज असा की, जगात जवळजवळ 80 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसीलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे, आणि त्यांतली 27 कोटींहून अधिक भारतातली आहेत. हे सारे हळदीतून आलेले नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणारे अड्डे आहेत, रंग आहेत, भांडी आहेत. पण एवढा आकडा डोळ्यांपुढे असताना मुलाच्या कपाळावर 'ढ' लिहिण्याआधी त्याच्या रक्ताचा एक थेंब तपासावा, असे एकाही शाळातपासणीच्या तक्त्यात का नसावे?

कोणी म्हणेल, औषधे निघाली आहेत, शिसे बाहेर काढता येते. येते ना. अमेरिकेत 780 लहान मुलांवर तोही प्रयोग झाला आणि 2001 साली त्याचे फळ जाहीर झाले. औषधाने रक्तातले शिसे उतरले. बुद्धीच्या कसोट्यांत मात्र काडीचा फरक पडला नाही. जे गेले ते गेले. 'पी हळद आणि हो गोरी' हे जसे होत नाही, तसेच 'घे गोळी आणि हो हुशार' हेही होत नाही. म्हणून या प्रकरणात डॉक्टराच्या आधी तपासनीस यायला हवा.

आता नेहमीचे युक्तिवाद. पहिला: 'आम्ही पिढ्यान् पिढ्या हळद खातो, आम्हांला काय झाले?' पिढ्यान् पिढ्या आपण हळद खात होतो. लेड क्रोमेट नव्हे. शिवाय, काय झाले हे ज्याला कळावे तो अवयवच या विषाचे पहिले भक्ष्य आहे! दुसरा: 'आम्ही तयार पूड आणत नाही, हळकुंडे आणून दळतो.' उत्तम, पण रंग हळकुंडालाच चोळला असेल तर गिरणी काय करणार? तिसरा: 'चांगले उकळले, तळले की सगळे जाते.' शिसे हे मूलद्रव्य आहे. जंतू मरतात, मूलद्रव्य मरत नाही. चौथा: 'पेल्यातल्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून भेसळ ओळखता येते.' ढोबळ भेसळ एखादे वेळी दिसेलही. ग्रॅममागे काही मायक्रोग्रॅम शिसे पेल्यात पाहून सांगणारा डोळा अजून जन्मलेला नाही. आणि या सर्व युक्त्यांचा मथितार्थ एकच, की राखणीचे काम स्वयंपाकघरातल्या बाईने करावे. घाऊक बाजारात झालेल्या अपराधाचा पहारा ओट्यापाशी का?

कायदा नाही, असेही नाही. हळदीच्या पुडीत लेड क्रोमेट सापडता कामा नये, असे आमच्या अन्नमानकांत छापलेले आहे. पण 2011 च्या नियमांनी हळदीतील शिशाची मर्यादा ग्रॅममागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने लहान मुलाच्या आहारासाठी धरलेला शिशाचा संदर्भ-आकडा दिवसाला 2.2 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आमच्या मर्यादेत बसणारी, कायद्याने निर्दोष अशी अर्धा ग्रॅम हळददेखील मुलाच्या पोटात त्याच्या दुपटीहून जास्त शिसे घालू शकते. बांगलादेशाची मर्यादा 2.5 आहे.

आणि त्या बांगलादेशाने काय केले? 2019 साली संशोधन हाती येताच तेथील अन्नसुरक्षा खात्याने वर्तमानपत्रांतून इशारे दिले, बाजारांत पत्रके वाटली, पिस्तुलासारखे हातात धरायचे क्ष-किरणांचे यंत्र घेऊन ढाक्याच्या श्यामबाजारात धाड घातली. दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला आणि तो साऱ्या देशाला दाखवला गेला. 2019 साली बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. 2021 साली ते प्रमाण शून्यावर आले. हळद घासण्याच्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातले शिसेही उतरले. दोन वर्षे! आमच्याकडे एका पुलाच्या निविदेला याहून जास्त काळ लागतो. ज्या देशाला आम्ही गरीब म्हणून हिणवतो त्याला जे जमले, ते उपग्रह सोडणाऱ्या देशाला जमत नाही, हे कोणी मला पटवून द्यावे.

मला पटते ते असे की, हे काम कोणा एकाचे नाही म्हणून कोणीच करत नाही. रसायनज्ञ पदार्थ ओळखतो, पण त्याला बाजाराचे सोयरसुतक नाही. डॉक्टर रोगी तपासतो, पण रोग्याच्या मसाल्याच्या डब्याची चौकशी करत नाही. आरोग्यखाते पटकी-हिवतापाचे आकडे ठेवते, शिशाचे ठेवत नाही. मास्तर गुणपत्रक भरतो. चौघांनी मिळून एकदा एका मुलाकडे पाहिले असते, तर हे कोडे कधीच सुटले असते.

म्हणून माझे मागणे चार गोष्टींचे आहे. प्रत्येक मोठ्या हळदबाजारात ते यंत्र ठेवा आणि लिलावापूर्वी माल तपासा. मर्यादा 10 वरून खाली आणा. जे दोषी सापडतील त्यांची नावे छापा, दंडाची रक्कमही छापा. आणि शाळांच्या आरोग्यतपासणीत, निदान लहान वर्गांसाठी, रक्तातले शिसे मोजा. यांतली एकही गोष्ट चंद्रावर जाण्याइतकी अवघड नाही.

आणि घरच्या मंडळींना एवढेच सांगतो, हळद टाकून देऊ नका. ती निरपराध आहे. पॉलिश न केलेले, मातकट दिसणारे हळकुंड मागा, आणि दुकानदाराने 'हे घ्या, कसे लखलखते आहे पाहा' म्हटले की त्याला विचारा, हे कशाने लखलखते? एका गिऱ्हाइकाने विचारले तर तो हसेल. पेठेतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने विचारले तर तो आपल्या घाऊक व्यापाऱ्याला विचारील. आणि तो प्रश्न वर चढत चढत जेथे पोचायला हवा तेथे पोचेल.