भिंतीतली वायर कोण तपासणार?

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करा, असे गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्या, असे 2006 च्या राज्य कायद्याचे बंधन आहे. खांबांची चिंता आहे, पाण्याच्या नळ्यांची आहे. आग जिथून लागते त्या घरातल्या वायरिंगची मात्र कोणालाच नाही. सोसायटीची जबाबदारी सदनिकेतल्या मुख्य स्विचपाशी संपते. पुढचे सभासदाने पाहायचे आणि तो पाहत नाही. मुंबईतल्या आगींच्या कारणांत विजेचा बिघाड वर्षानुवर्षे आघाडीवर आहे, तो उगाच नव्हे.

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घरांतले वायरिंग दिवे, पंखे, टीव्ही आणि फ्रिज एवढ्याच हिशेबाने झाले. आज त्याच तारांवर दोन हजार वॉटचा गिझर, दीड टनाचा एसी आणि इंडक्शनची शेगडी चालते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. स्क्रू सैल असेल तिथे प्लग तापतो, सॉकेट पिवळे पडते, जळका वास येतो. एमसीबी सारखी ट्रिप होऊ लागली, की कारण न शोधता जास्त अँपिअरची बसवून मोकळे व्हायचे, ही रीत तर जिवावर बेतणारी आहे. शिवाय एमसीबी तारेला वाचवते. माणसाला धक्क्यापासून वाचवते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती असंख्य जुन्या घरांत नाही. असली तरी तिचे ‘टेस्ट’चे बटण दाबून पाहिलेले नसते. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात.

हीच बेफिकिरी बिलातही उतरते. फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले की कॉम्प्रेसरला उसंत नाही. एसीची जाळी धुळीने भरली, गिझरच्या कॉइलवर क्षार चढले, की तेवढ्याच कामाला जास्त वेळ आणि जास्त वीज लागते. रोज बारा तास फिरणारा 75 वॉटचा जुना पंखा महिन्याला 27 युनिट खातो. 30 वॉटचा बीएलडीसी पंखा 11. महावितरणचा दर शंभर युनिटांपुढे एकदम चढतो, त्यामुळे काठावरच्या कुटुंबाला हा सोळा युनिटांचा फरक चांगलाच जाणवतो.

सरकारचे लक्ष मात्र नव्या खरेदीवर. छतावरच्या सौर पॅनेलला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, पंख्यांना 2023 पासून स्टार लेबल सक्तीचे आहे. दोन्ही पावले योग्यच. पण छतावर सूर्य आणि भिंतीत कुजलेली तार, याला ऊर्जाधोरण म्हणत नाहीत.

सहकार खात्याने जुन्या इमारतींतील प्रत्येक सदनिकेची विद्युत तपासणी परवानाधारक ठेकेदाराकडून दर पाच वर्षांनी करणे उपविधींत बंधनकारक करावे. वीज कंपन्यांनी मंजूर भार ओलांडणाऱ्या ग्राहकाला केवळ दंडाची नव्हे, वायरिंग तपासण्याचीही नोटीस धाडावी. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना आरसीसीबी आणि अर्थिंगसाठी मदत द्यावी; सौर अनुदानापुढे तो खर्च किरकोळ आहे. सोसायट्यांनी तर सरकारी आदेशाची वाट पाहूच नये. येत्या वार्षिक सभेत रंगकामाच्या निविदेआधी हा विषय घ्यावा.